देव आहे का, हे शास्त्रज्ञालाच का विचारायचे?

आइन्स्टाइनच्या नावाने फिरणारा तो मेसेज तुम्हालाही कधी ना कधी आला असेल. वर्गात नास्तिक प्राध्यापक देव नाही असे ठासून सांगत असतात. एक पोरगा उठतो आणि म्हणतो, सर, थंडी अशी काही वस्तूच नाही, तो उष्णतेचा अभाव. अंधार हा प्रकाशाचा अभाव. तसा दुष्टपणा हा देवाचा अभाव. प्राध्यापक गप्प. शेवटच्या ओळीत कळते की तो पोरगा म्हणजे अल्बर्ट आइन्स्टाइन. असे काही घडल्याची नोंद कुठेही नाही, पण दर गुरुपौर्णिमेला हा पोरगा नव्याने उठून उभा राहतो.

दुसऱ्या ग्रुपवर दुसरा मेसेज असतो: आइन्स्टाइन पक्का नास्तिक होता, तसे त्याचे पत्रच सापडले आहे. पत्र खरे आहे. १९५४ साली एरिक गुटकिंड या तत्त्वज्ञाला लिहिताना त्याने देव हा शब्द म्हणजे आपल्या लेखी मानवी दुबळेपणाची उपज, असे म्हटले. २०१८ च्या डिसेंबरात ते पत्र न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे २९ लाख डॉलरला गेले. पण याच माणसाने १९२९ मध्ये एका ज्यू धर्मगुरूला तार केली होती की, सृष्टीच्या सुसंवादातून प्रकट होणारा, तत्त्वज्ञ स्पिनोझाचा देव मी मानतो, माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा देव मानत नाही. मग तो कोणाचा? दोघांचाही नाही, आणि खरे तर हा प्रश्नच मला बिनकामाचा वाटतो. आइन्स्टाइनने काय मानले याने आइन्स्टाइनविषयी कळते. देवाविषयी काहीही कळत नाही.

आपल्याकडे आस्तिक असो वा नास्तिक, दोन्ही बाजूंना शास्त्रज्ञ साक्षीदार म्हणून हवा असतो. एकाला न्यूटन, रामानुजन आणि कलाम सापडतात, दुसऱ्याला हॉकिंग आणि डॉकिन्स. खगोलशास्त्रावर कुठेही व्याख्यान असो, प्रश्नोत्तरे सुरू झाली की तिसरा-चौथा हात हमखास त्याच प्रश्नाचा असतो: "सर, तुमचा स्वतःचा देवावर विश्वास आहे का?" तासभर दीर्घिका, कृष्णविवरे ऐकल्यावर. वक्ता हो म्हणाला तर अर्धे सभागृह टाळ्या वाजवते, नाही म्हणाला तर उरलेले अर्धे. व्याख्यान दोघांच्याही लक्षात राहत नाही.

या साक्षीदारांची शिरगणतीही झालेली आहे, आणि ती मुळातून पाहण्यासारखी आहे. जेम्स ल्यूबा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये अमेरिकेतल्या १००० शास्त्रज्ञांना विचारले. त्याचा देव नेमका होता: माणसाशी संवाद साधणारा, प्रार्थना ऐकून उत्तर देणारा. सुमारे ४० टक्क्यांनी हो म्हटले. शिक्षण वाढेल तसा हा आकडा घसरेल, असे भाकीत ल्यूबाने केले. १९९६ मध्ये लार्सन आणि विदम यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि उत्तर आले पुन्हा सुमारे ४० टक्के. विज्ञानात ज्या ऐंशी वर्षांत सगळे काही उलटेपालटे झाले, त्या काळात हा काटा जागचा हलला नाही. मग दोघांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांना, म्हणजे शिखरावरच्या मंडळींना विचारले, तेव्हा आकडा ७ टक्क्यांवर आला. मृत्यूनंतरच्या अस्तित्वावर विश्वास ठेवणारेही साधारण तेवढेच. गंमत म्हणजे त्यांतही गणितज्ञ सगळ्यांत जास्त आस्तिक निघाले आणि जीवशास्त्रज्ञ सगळ्यांत कमी.

पुढे २००९ मध्ये प्यू या संस्थेने अमेरिकेतच जरा सैल प्रश्न विचारला. ३३ टक्के शास्त्रज्ञ देव मानणारे निघाले, आणखी १८ टक्के कुठलीतरी उच्च शक्ती मानणारे. म्हणजे निम्म्याहून थोडे अधिक. प्रश्नातला देव जितका कामसू आणि नवसाला पावणारा, तितकी शास्त्रज्ञांची संख्या कमी. तो जितका धूसर, तितकी जास्त. भारतात २००७-०८ च्या सुमारास १३० संस्थांतल्या सुमारे ११०० शास्त्रज्ञांची पाहणी झाली, तेव्हा मृत्यूनंतरच्या जीवनावर विश्वास असलेले सुमारे २६ टक्के होते, कर्मसिद्धांत मानणारे थोडे अधिक. भुते मानणारे सातेक टक्के. (हे सात टक्के रात्री प्रयोगशाळेत एकटे थांबतात का, हे विचारायचे राहून गेले.)

नास्तिक मित्र इथे हटकून ७ टक्क्यांच्या आकड्यावर बोट ठेवतात. सर्वांत हुशार लोकच देव मानत नाहीत, आता बोला! मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, पण एलेन एकलंड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी आठ प्रदेशांतल्या शास्त्रज्ञांची पाहणी केली ती सोबत वाचावी. हाँगकाँगमध्ये स्वतःला धार्मिक म्हणवणारे शास्त्रज्ञ ३९ टक्के, आणि तिथली सामान्य जनता २० टक्के. तैवानमध्ये ५४ आणि ४४. म्हणजे तिथे शास्त्रज्ञ लोकांपेक्षा जास्त धार्मिक! अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांबाबतही त्यांना आढळले की घरचे वातावरण, लहानपणीचे संस्कार हाच मोठा भाग असतो. भौतिकशास्त्र शिकल्याने देव गेला असे सहसा होत नाही. देव नसलेल्या घरातली मुले तिकडे अधिक वळली, असे पुष्कळदा होते. हे समाजशास्त्र झाले. विश्वाच्या रचनेविषयी त्यात ओळही नाही.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते ते १९७९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल. विद्युतचुंबकीय बल आणि क्षीण बल ही एकाच बलाची दोन रूपे आहेत, हे दाखवल्याबद्दल ते ग्लॅशो, अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना मिळाले. सलाम निष्ठावान अहमदिया मुसलमान. नोबेलच्या मेजवानीत बोलताना त्यांनी कुराणातली आयत म्हटली. वाइनबर्ग कडवे नास्तिक. विश्व जितके कळत जाते तितके ते निरर्थक वाटत जाते, असे लिहिणारे. दोघांनी एकमेकांपासून दूर, स्वतंत्रपणे तोच सिद्धांत मांडला. समीकरण तेच. सलाम यांच्या कागदावर अल्लासाठी एखादे पद जास्त नव्हते आणि वाइनबर्ग यांच्या कागदावर एखादे कमी नव्हते. श्रद्धेविषयी खोलात चौकशी करणारे वेगळेच लोक असतात: पाकिस्तानने १९७४ मध्ये अहमदियांना गैरमुस्लिम ठरवले, आणि सलाम यांच्या थडग्यावरच्या 'पहिले मुस्लिम नोबेल विजेते' या ओळीतला 'मुस्लिम' हा शब्द पुढे खोडून टाकला गेला.

दुसरी गोष्ट आपल्या घराजवळ येणारी आहे. विश्व प्रसरण पावते आहे आणि मागे जात गेलो तर ते एका अतिघन 'आद्य अणू'पाशी पोचते, ही कल्पना मांडली जॉर्ज लमेत्र यांनी, १९२७ ते १९३१ या काळात. लमेत्र बेल्जियमचे कॅथलिक पाद्री. त्यांच्या विरोधात ठाम उभे राहिले केंब्रिजचे फ्रेड हॉइल. त्यांचे म्हणणे, विश्वाला आरंभ नाही, ते कायम असेच आहे. १९४९ मध्ये रेडिओवर बोलताना प्रतिस्पर्धी सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव दिले ते हॉइल यांनीच. आरंभ म्हटला की आरंभकर्ता आलाच, हा धार्मिक वास त्यांना खटकत होता आणि ते तो लपवतही नसत. पुढे १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी जाहीर भाषणात सांगून टाकले की आधुनिक विज्ञानाला सृष्टीच्या निर्मितीचा क्षण सापडला आहे. एखाद्या पाद्र्याला यापेक्षा मोठी पावती कोणती? पण लमेत्र अस्वस्थ झाले. माझ्या सिद्धांताला धर्माच्या दावणीला बांधू नका, तो उद्या चुकला तर काय कराल, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो सूर पुन्हा लावला नाही.

आता या सामन्याचा निकाल कसा लागला? पाद्र्याच्या श्रद्धेने नाही आणि हॉइल यांच्या नास्तिकतेनेही नाही. १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांनी आपल्या अँटेनात येणारी एक न जाणारी खरखर जाहीर केली. कबुतरांची विष्ठा साफ करूनही ती जात नव्हती. आकाशाच्या सर्व दिशांनी सारख्या येणाऱ्या त्या सूक्ष्मतरंगांनी, म्हणजे आरंभीच्या तप्त विश्वाच्या उरलेल्या धगीने, बहुतेक खगोलशास्त्रज्ञांचे मत बिग बँगकडे झुकवले. जे झुकले नाहीत त्यांत हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी जयंत नारळीकर होते. त्यांनी १९९३ मध्ये गुरूंसोबत सुधारलेला स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला आणि अखेरपर्यंत बिग बँगवर आक्षेप घेत राहिले, पण निरीक्षणे आणि गणित यांच्याच आधाराने. बहुतेकांना ते पटले नाही. नारळीकर चुकले असतील तर निरीक्षणांमुळे चुकले ठरतील, देव मानत होते की नव्हते यामुळे नाही.

आणि हॉइल? तारकांच्या पोटात कार्बन तयार व्हायचा तर त्याच्या अणुकेंद्रकाला ऊर्जेची एक विशिष्ट पातळी असलीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले होते, आणि प्रयोगात ती सापडली. हा योगायोग त्यांच्या मनात इतका खोल गेला की उतारवयात त्यांनी लिहिले, कोणीतरी महाबुद्धीने भौतिकशास्त्रात ढवळाढवळ केल्यासारखे वाटते. तेव्हापासून आस्तिकांच्या यादीत हॉइल आहेत आणि नास्तिकांच्या यादीतही आहेत.

इस्रोच्या मंडळींनी प्रक्षेपणाआधी यानाची छोटी प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जाण्यावरून दरवेळी वाद पेटतो. मला त्या भेटीचे फारसे वावडे नाही. नासाच्या पासाडेनातल्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये १९६४ च्या रेंजर ७ या चांद्रमोहिमेपासून मोहिमेच्या वेळी शेंगदाणे खाण्याची प्रथा आहे. आधीच्या सहा रेंजर मोहिमा फसल्या होत्या आणि सातव्या वेळी कोणीतरी शेंगदाणे आणले होते. रशियन याने जिथून उडतात त्या बैकोनूरला पाद्री अग्निबाणावर तीर्थ शिंपडतो. प्रश्न इतकाच की चांद्रयान-२ चा लँडर २०१९ च्या सप्टेंबरात चंद्रावर आदळला तेव्हा काय शोधले गेले. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त होता, चुका साठत गेल्या, उतरण्याची जागा ५०० मीटर बाय ५०० मीटर इतकी अरुंद ठरवली होती. चांद्रयान-३ ला ती सुमारे ४ किलोमीटर बाय अडीच किलोमीटर मिळाली. पूजेत काही राहून गेले का, याची समिती नेमली गेली नाही. दर्शनाला जाणाऱ्यांनीच ती नेमली नाही, हे महत्त्वाचे.

परलोकाच्या प्रश्नात शास्त्रज्ञाच्या नावाचे वजन आणखी घसरते, कारण तिथे मोठमोठ्या नावांनी चक्क हसे करून घेतलेले आहे. थॅलियमचा शोध लावणारे विल्यम क्रुक्स १८७४ च्या सुमारास फ्लॉरेन्स कुक या 'माध्यम', म्हणजे मृतात्म्यांशी संपर्क साधून देण्याचा दावा करणाऱ्या बाईच्या अंधाऱ्या बैठकांत प्रकटणाऱ्या 'आत्म्या'ची ग्वाही देत होते. बिनतारी संदेशवहनाचे आद्य संशोधक ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात ईप्रच्या आघाडीवर पडला. पुढच्या वर्षी लॉज यांनी त्याच्याशी होणाऱ्या बोलण्यावर जाडजूड पुस्तक काढले. बाप म्हणून त्यांची अवस्था कळते. पण माध्यमांची लबाडी पकडण्यात प्राध्यापकांपेक्षा हॅरी हुडिनी हा जादूगार सरस ठरला. सायंटिफिक अमेरिकन मासिकाने अस्सल माध्यमासाठी ठेवलेल्या बक्षिसाच्या समितीत तो होता, आणि ते बक्षीस कोणालाच मिळाले नाही. साहजिकच आहे: अणू कधी मुद्दाम फसवत नाही, त्यामुळे भौतिकशास्त्रज्ञाला फसवणूक ओळखण्याची सवयच नसते.

आत्म्याचे वजन २१ ग्रॅम, हेही मराठी कीर्तनांपर्यंत पोचलेले 'वैज्ञानिक सत्य'. मॅसॅच्युसेट्समधल्या डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न रुग्णांची खाट मोठ्या काट्यावर ठेवली आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापले. रुग्ण एकूण ६. दोघांच्या नोंदी त्याने स्वतःच बाद केल्या, इतरांचे आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. पाऊण औंस, म्हणजे २१ ग्रॅम, हा एका रुग्णाचा आकडा. मग १५ कुत्र्यांवर तोच प्रयोग झाला, वजन घटले नाही, आणि डॉक्टरांनी ठरवले की कुत्र्याला आत्मा नसतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांना हे ऐकवायला हवे होते.

तरीही परलोकाचा प्रश्न देवाच्या प्रश्नाहून वेगळा आहे. इथे काही दावे तपासता येतात, आणि ते प्रामाणिकपणे तपासले गेले आहेत. हृदय बंद पडलेल्या काही रुग्णांना आपण वर तरंगत स्वतःकडे पाहत होतो, असे नंतर आठवते. सॅम पार्निया यांनी यासाठी १५ रुग्णालयांत छताजवळ फळ्या ठोकल्या आणि त्यांवर खालून दिसणार नाहीत अशी चित्रे ठेवली. आत्मा खरोखर वर जात असेल तर त्याने चित्र पाहून यावे. २०१४ मध्ये निष्कर्ष आले: २०६० हृदयक्रिया बंद पडण्याच्या घटना, त्यांतून वाचून मुलाखत देऊ शकलेले १४०, आणि पाहिल्या-ऐकल्याचे स्पष्ट आठवणारे २. नेमके ते दोघे फळी नसलेल्या जागी होते. जवळजवळ ७८ टक्के घटना फळी नसलेल्या ठिकाणीच घडल्या होत्या. कोणी म्हणेल हात हलवत परत आले. माझ्या लेखी मात्र पार्नियांच्या त्या फळ्या शंभर शास्त्रज्ञांच्या श्रद्धेपेक्षा किंवा अश्रद्धेपेक्षा मोलाच्या आहेत. प्रश्न कसा विचारायचा हे त्यांनी दाखवले.

पुनर्जन्माचेही तसेच. व्हर्जिनियाचे मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांनी मागचा जन्म आठवणाऱ्या मुलांच्या २५०० हून अधिक नोंदी जमवल्या, त्यांत भारतातल्या पुष्कळ. नागपूरची एक उच्चशिक्षित मराठी बाई सत्तरच्या दशकात अधूनमधून 'शारदा' होऊन बंगाली बोलू लागे, त्या प्रकरणाचाही त्यांनी सतवंत पसरिचा यांच्यासोबत अभ्यास केला. बाईंना बंगाली लिपीची थोडी ओळख आधीपासून होती, हे या संशोधकांनीच नोंदवले आहे, लपवलेले नाही. स्टीव्हन्सन यांच्या पद्धतीतली मोठी फट अशी की ते पोचेपर्यंत बहुतेक वेळा दोन्ही कुटुंबे भेटलेली असत आणि कोणी काय आधी सांगितले याचा काला झालेला असे. मला पटते ते त्यांचे कुलूप. साठच्या दशकात त्यांनी एक आकड्यांचे कुलूप आणले, आकडे फक्त स्वतःपुरते ठेवले आणि सांगितले की मेल्यावर जमले तर ते कळवीन. ते २००७ मध्ये गेले. कुलूप उघडल्याचे आजवर जाहीर झालेले नाही.

याच्या शेजारी आपला दहाव्याचा घाट ठेवून पाहा. पिंड मांडलेला असतो, माणसे चार पावले मागे सरून उभी असतात. कावळा शिवला की मृताची वासना उरली नाही. नाही शिवला तर थोरला मुलगा पुढे होऊन मोठ्याने कबूल करतो, "धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघतो, तुम्ही काळजी करू नका." तरीही कावळा ढिम्मच, तर गुरुजींकडे दर्भाचा कावळा तयार असतो आणि पिंड शिवला जातो. इथे प्रयोग फसण्याची सोयच ठेवलेली नाही, आणि ठेवू नये. तो विधी धाकटीच्या लग्नाची जबाबदारी चारचौघांत कबूल करून घेण्यासाठी आहे. त्याला विज्ञानाने हसावे असे मला वाटत नाही. पण उद्या कोणी त्यात 'कावळ्याला सूक्ष्म लहरी कळतात' असे शास्त्र घुसडले, तर मग दर्भाचा कावळा बाजूला ठेवावा लागेल आणि किती पिंडांना किती कावळे किती वेळात शिवले, हे मोजावे लागेल. शास्त्राचे नाव हवे आणि मोजमाप नको, हे चालायचे नाही.

म्हणून मला वाटते, शास्त्रज्ञाला 'तुम्ही देव मानता का' असे विचारणे आपण थांबवावे. जगात काहीच ढवळाढवळ न करणारा देव त्याच्या आवाक्याबाहेर आहे. त्यावर त्याचे मत माझ्या-तुमच्या मताइतकेच, पंढरीच्या वाटेवरच्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या मताहून काडीभरही जड नाही. पण देवाच्या नावावर कोणी आजार बरा करतो, मेलेल्याशी बोलतो, जन्मवेळेवरून बुद्धी सांगतो म्हणाला, की तो दावा मोजपट्टीच्या टप्प्यात आला. तिथे शास्त्रज्ञाला जरूर बोलवावे, पण साक्षीदार म्हणून नव्हे. चाचणी कशी घ्यायची हे ठरवायला.

महाराष्ट्रात हे एकदा नीट झालेले आहे. नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी २०० मुलांच्या कुंडल्या घेतल्या, १०० हुशार विद्यार्थ्यांच्या, १०० मतिमंद मुलांच्या, आणि त्या सरमिसळ केल्या. ५१ ज्योतिषी तयार झाले, प्रत्येकाला ४० कुंडल्या दिल्या. उत्तरे परत पाठवली २७ जणांनी. त्यांचे सरासरी यश ४६ टक्के, सर्वांत पुढच्याचे ४० पैकी २४. एका ज्योतिष संस्थेने २००च्या २०० कुंडल्या पाहिल्या आणि १०२ बरोबर सांगितल्या. नाणे उडवले असते तरी साधारण तेवढेच बसले असते. २००९ मध्ये हे निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. कोणाला मान्य नसतील तर पद्धत तिथे लिहिलेली आहे, नव्या २०० कुंडल्या जमवून तीच चाचणी पुन्हा घेता येते.